तीस अँपिअरचा संसार

अमेरिकेतील बहुतेक आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे चाकांवरची घरे आणि मोटारीमागे ओढायचे ट्रेलर मुक्कामी उभे करण्याच्या तळांवर, गाडी उभी करण्याच्या प्रत्येक जागेशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब असतो. खांबावरच्या पेटीचे झाकण उचलले की आत सहसा तीन सॉकेट दिसतात : एक घरातल्यासारखे २० अँपिअरचे, दुसरे तीन पिनांचे ३० अँपिअरचे आणि तिसरे चार पिनांचे ५० अँपिअरचे. आमचा ट्रेलर ३० अँपिअरचा आहे. इथल्या घरगुती विजेचा दाब १२० व्होल्ट, त्यामुळे गुणाकार ३,६०० वॅटवर थांबतो आणि वातानुकूलक, फ्रिज, मायक्रोवेव्ह, गरम पाण्याची टाकी, दिवे, पंखे हा सगळा पसारा त्या एका आकड्यात बसवावा लागतो. महाराष्ट्रातल्या घरांत गिझरसाठी १६ अँपिअरचा जो जाड पिनांचा पॉइंट असतो, तो २३० व्होल्टवर ३,६८० वॅट देऊ शकतो. म्हणजे आपल्याकडे ज्या पॉइंटला एक गिझर लावतात, त्याहून किंचित कमी क्षमतेच्या केबलवर इथे चाके लावलेले अख्खे घर चालते.

हा हिशेब मांडला माझ्या सासऱ्यांनी. त्यांना आम्ही सारे नाना म्हणतो. वीज मंडळात लाइनमन म्हणून लागलेले नाना लाइन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले, आणि एका उन्हाळ्यात आमच्याकडे डेन्व्हरला मुक्कामाला आले असताना आमच्याबरोबर यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला निघाले. डोंगर, गवे, गरम पाण्याचे फवारे यांच्याविषयी त्यांना कुतूहल होतेच, पण वायोमिंगमधील एका पार्कमध्ये पहिला मुक्काम पडला तेव्हा ते खांबापाशी गेले आणि खिशातला टेस्टर काढून म्हणाले, “जावईबापू, आधी मला यांचा न्यूट्रल आणि अर्थ कुठे एकत्र केलाय ते दाखवा.” न्यूट्रल म्हणजे प्रवाह परत नेणारी तार आणि अर्थ म्हणजे जमिनीशी जोडलेली तार. माझा व्यवसाय संगणकाचा. ट्रेलरमध्ये कोणती कळ दाबली की काय सुरू होते, एवढे मला ठाऊक होते. कोणत्या दोन गोष्टी एकत्र चालू करायच्या नाहीत, हेही ठाऊक होते. त्यामागचे कारण मला त्या प्रवासात नीट कळले, आणि ते कळल्यावर या विषयातली अर्धी गुंतागुंत नाहीशी झाली, म्हणून हे लिहीत आहे.

ट्रेलरमध्ये विजेच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था असतात, हे पहिले ध्यानात घ्यावे लागते. एक १२० व्होल्टची, प्रत्यावर्ती प्रवाहाची. ती खांबापासून येते आणि वातानुकूलक, मायक्रोवेव्ह, भिंतीवरची सॉकेट यांना पुरवली जाते. दुसरी १२ व्होल्टची, दिष्ट प्रवाहाची, ती बॅटरीची. दिवे, पाण्याचा पंप, छतावरचा पंखा, हीटरचा पंखा, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र आणि फ्रिजचे नियंत्रण करणारे सर्किट हे सारे या दुसऱ्या व्यवस्थेवर चालते. खांबाची केबल जोडलेली असली तरी दिवे १२ व्होल्टवरच लागतात. कन्व्हर्टर नावाची पेटी १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करून त्यांना वीज देते आणि त्याच वेळी बॅटरीही भरत राहते. उलट दिशेचे काम करणारा इन्व्हर्टर आपल्या ओळखीचा असतो, पण तो प्रत्येक ट्रेलरमध्ये असतोच असे नाही, आणि असला तरी सगळ्याच सॉकेटना जोडलेला नसतो.

बारा व्होल्टच का, याचे उत्तर मोटारीत आहे. अमेरिकी मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टवर चालत; पुढे १२ व्होल्टची प्रथा पडली आणि मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या घरांनीही तीच उचलली. ट्रेलर चालत्या गाडीपासून सुटलाच तर त्याचे विजेवरचे ब्रेक आपोआप लागावेत म्हणून एक कळ असते आणि तिलाही हीच बॅटरी लागते. त्यामुळे नेहमी खांब असलेल्या पार्कमध्येच उतरणाऱ्यालाही बॅटरी काढून ठेवण्याची मुभा नाही. तारांच्या रंगांचा घोळ मात्र कोणी मुद्दाम केल्यासारखा आहे. १२० व्होल्टच्या बाजूला काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. त्याच ट्रेलरच्या १२ व्होल्टच्या बाजूला बहुधा काळी धन आणि पांढरी ऋण. आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर लाल धन व काळी ऋण. ट्रेलरची बॅटरी बदलताना मोटारीच्या सवयीने काळी तार ऋण टोकाला लावणारे लोक असतात, म्हणून कन्व्हर्टरमध्ये उलट जोडणीसाठी खास फ्यूज बसवलेले असतात.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर असे की ट्रेलरच्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना कुठेही जोडलेले नसतात. ती जोडणी वीजपुरवठा जिथून सुरू होतो तिथे, म्हणजे पार्कच्या मुख्य पेटीत असते. कारण ऐकल्यावर अंगावर काटा येतो. ट्रेलर रबरी टायरांवर उभा असतो. खांबातली अर्थची तार निखळली आणि आतल्या एखाद्या उपकरणातून गळती होत असली, तर ट्रेलरचा सारा पत्रा जिवंत होतो. आत बसलेल्याला काही जाणवत नाही, पण पावसानंतर ओल्या जमिनीवर उभे राहून दाराची मूठ धरणाऱ्याला जबर झटका बसतो. केबल लावल्यावर दाराला हात लावण्यापूर्वी पत्र्याला टेस्टर लावून पाहण्याची नानांची पद्धत मी तेव्हापासून उचलली आहे. शेजारचे लोक पाहतात, पण त्याला इलाज नाही.

पन्नास अँपिअरच्या सॉकेटपाशी नाना जास्त वेळ रेंगाळले. त्यात दोन फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ असते. प्रत्येक फेज न्यूट्रलच्या संदर्भात १२० व्होल्टची आणि ५० अँपिअर देणारी, म्हणजे एकूण १२,००० वॅट. तीस आणि पन्नास हे आकडे शेजारी ठेवले की पन्नास दुपटीहूनही कमी वाटते, प्रत्यक्षात ते तिपटीहून अधिक निघते. या दोन फेज आपल्याकडच्या थ्री फेजमधल्या दोन नव्हेत, तर रोहित्राच्या (ट्रान्स्फॉर्मरच्या) एकाच गुंडाळीची दोन टोके असतात आणि न्यूट्रल त्या गुंडाळीच्या मध्यातून काढलेला असतो. टोकापासून टोकापर्यंत २४० व्होल्ट भरतात. हे ऐकताच नानांनी मान हलवली, “म्हणजे न्यूट्रल गेला की इथेही तेच!” महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यापुढे काही सांगावे लागत नाही. वादळात न्यूट्रल तुटावा आणि गल्लीतल्या निम्म्या घरांतले टीव्ही व फ्रिज एकदम जळावेत, हे आपण पाहिलेले असते. इथे खांबातला न्यूट्रल सैल झाला तर ट्रेलरच्या एका बाजूला १२० ऐवजी दोनशेच्या वर व्होल्ट जाऊ शकतात.

तीस अँपिअरच्या सॉकेटचा धोका वेगळा आहे. ते दिसायला अमेरिकी घरांतील कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या सॉकेटसारखे असते, आणि ते यंत्र २४० व्होल्टवर चालते. त्यामुळे अंगणात ट्रेलरसाठी पॉइंट बसवून घेताना जाणकार इलेक्ट्रिशियनही सवयीने त्यात २४० व्होल्ट सोडतात आणि मालक केबल लावताच आतली उपकरणे धूर सोडतात. या दोन्ही कारणांसाठी खांब आणि ट्रेलर यांच्यामध्ये संरक्षक उपकरण लावणे मला सक्तीचे वाटते. ते उलटसुलट जोडणी, तुटलेला न्यूट्रल, नसलेला अर्थ या गोष्टी आधी तपासते आणि दाब साधारण १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर गेला तर पुरवठा तोडते. त्याची किंमत एका जळालेल्या वातानुकूलकाच्या मानाने क्षुल्लक असते.

त्या पहिल्याच मुक्कामी दुपारी आमच्या संरक्षक उपकरणाने पुरवठा तोडला, दोन-सव्वादोन मिनिटांनी जोडला आणि पुन्हा तोडला. जुलैचे ऊन, पार्क भरलेला, प्रत्येक छतावर वातानुकूलक घरघरतो आहे आणि पडद्यावर १०३, १०५, १०३ असे आकडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेचे ५५१ वे कलम आरव्ही आणि आरव्ही पार्क यांच्यासाठी आहे. त्यातल्या तक्त्यानुसार एका वाहिनीवर ३६ किंवा अधिक जागा असतील, तर सगळ्या जागांच्या मंजूर भाराची बेरीज करून तिच्या केवळ ४१ टक्के क्षमतेची वाहिनी टाकली तरी चालते. साऱ्यांना एकाच वेळी पूर्ण वीज लागणार नाही, असे त्यामागचे गृहीतक. एरवी ते बरोबर ठरते. जुलैतल्या दुपारी साऱ्यांना खरोखरच एकाच वेळी वीज लागते. नानांना यात नवे काही नव्हते. त्यांच्या सेक्शनमध्ये रात्री लाइन आली की उसाला पाणी देण्यासाठी शिवारातले सगळे पंप एका मिनिटात चालू होत आणि दाब इतका पडे की शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची मोटर नुसती गुरगुरत राही. दाब कमी झाला की मोटर तेवढ्याच कामासाठी जास्त प्रवाह ओढते, गुंडाळी तापते आणि जळते. वातानुकूलकाचा कॉम्प्रेसर ही मोटरच असते. आम्ही तो बंद केला आणि संध्याकाळपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून छतावरचा १२ व्होल्टचा पंखा लावला.

खांबाला जोडलेल्या मुक्कामाचे अंकगणित असे असते. तेरा हजार पाचशे बीटीयूचा (बीटीयू हे थंडावा देण्याच्या क्षमतेचे माप) वातानुकूलक चालताना साधारण १३ अँपिअर घेतो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. पाणी तापवणारी १,४४० वॅटची कॉइल १२ अँपिअर घेते. ज्याच्यावर १,००० वॅट लिहिलेले असते तो मायक्रोवेव्ह अन्नात १,००० वॅट घालण्यासाठी खांबाकडून सुमारे १,५०० घेतो, म्हणजे पुन्हा साडेबारा-तेरा अँपिअर. यांतली कोणतीही दोन उपकरणे एकत्र चालतात, तिसरे लावले की मुख्य ब्रेकर पडतो. पाणी गॅसवर तापवण्याची सोय बहुतेक ट्रेलरमध्ये असते. उन्हाळ्यात ती वापरणे हा सर्वांत सोपा उपाय. दिवसभरात एकूण किती वीज वापरली याला इथे काही महत्त्व नाही, कारण ती भाड्यात धरलेली असते. एका क्षणी किती ओढली, एवढाच प्रश्न असतो.

दुसऱ्या प्रकारच्या मुक्कामात हा प्रश्न उलटा होतो. यलोस्टोनमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या फिशिंग ब्रिज या एकाच तळावर मिळतात. योसेमिटीच्या उद्यानातील तळांवर तर विजेची जोडणी कुठेच नाही. आम्ही यलोस्टोनच्या कॅनियन तळावर उतरलो होतो. तिथे खांब नाही, म्हणजे बॅटरीत जे आहे ते आणि छतावरच्या सौर पॅनेलमधून जे येईल ते. कणगीत धान्य किती आहे हा एक प्रश्न आणि जात्यातून एका वेळी किती दळून निघते हा दुसरा. खांबापाशी जाते लहान पडते, रानात कणगी. ट्रेलरच्या विजेसंबंधी मला ऐकू आलेले बहुतेक गैरसमज या दोन टंचाया एकच मानल्यामुळे झालेले आहेत.

याचे मला सर्वांत पटणारे उदाहरण आमच्या स्वयंपाकघरातले आहे. नारळ-कोथिंबिरीची चटणी वाटण्यासाठी आमच्याकडे ७५० वॅटचा मिक्सर आहे, ११० व्होल्टचा, इथल्या भारतीय दुकानातून घेतलेला. तो इन्व्हर्टरवर लावला की बॅटरीतून ७० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, आणि मीटरवर तो आकडा पाहून नाना दचकले. पण चटणीला एक मिनिट लागते. एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास होतो; एका मिनिटात ७० अँपिअर म्हणजे सव्वा अँपिअर-तासाहून कमी. आता हीटर घ्या. तो गॅसवर जळतो, म्हणून त्याला वीज लागते हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. पण गरम हवा खोलीत ढकलणारा त्याचा पंखा सात ते आठ अँपिअर घेतो. कॅनियन तळ ७,९०० फुटांच्या आसपास आहे आणि भर उन्हाळ्यातही रात्री पारा गोठणबिंदूजवळ उतरतो. पंखा दहा तासांपैकी निम्मा वेळ जरी फिरला तरी सकाळपर्यंत ३५ ते ४० अँपिअर-तास गेलेले असतात. कानठळ्या बसवणारा मिक्सर जे महिनाभर रोज चटणी वाटून घेईल, ते हीटर एका रात्रीत मंदपणे घेऊन जातो.

नव्या ट्रेलरबरोबर विक्रेते बहुधा एकच शिसे-आम्ल बॅटरी देतात, ८० अँपिअर-तासांच्या आसपासची. गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली तयार केलेल्या रचनेतच ती अजून आहे, आणि अजून तिच्या क्षमतेच्या निम्म्याहून अधिक वीज वारंवार काढली तर ती लवकर मरते. आपल्या घरांतल्या इन्व्हर्टरखालच्या बॅटऱ्यांशी नानांची जुनी ओळख होती. २००५ च्या सुमाराची आणि पुढची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनात काढली, तेव्हा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालणे हे देवघरातल्या दिव्यात तेल घालण्याइतके नेमाचे काम झाले होते. मात्र भारनियमनाचे वेळापत्रक असे. सहा वाजता गेलेली वीज बहुतेक वेळा ठरल्या वेळी परत येई आणि बॅटरीने तेवढा काळ तग धरला की तिचे काम झाले. कॅनियनमध्ये वीज आपणहून परत येत नाही. ऐंशीतले वापरण्याजोगे चाळीस, हीटरचे छत्तीस, आणि गॅसगळतीचे यंत्र व इतर सर्किट काही न करता रात्रंदिवस जे घेत राहतात ते वेगळेच. एका रात्रीचा हा हिशेब नानांनी वहीत मांडला तेव्हा खाली बाकी उरली नाही.

शिसे-आम्ल बॅटरीचे एक बरे असते की तिचा दाब मोजून ती किती भरली आहे याचा अंदाज येतो. काही तास स्वस्थ ठेवलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरली की १२.१ च्या आसपास. भार चालू असताना किंवा चार्जिंग सुरू असताना घेतलेला आकडा निरुपयोगी असतो, आणि ट्रेलरच्या भिंतीवर चार लहान दिव्यांचा जो दर्शक बसवलेला असतो तो नेमका तेव्हाचाच आकडा दाखवतो. त्याच्यावर विसंबू नये. खरा उपाय शंट, म्हणजे ऋण तारेत बसवलेला ठरावीक मूल्याचा एक लहानसा रोध. त्यातून आत किती गेले आणि बाहेर किती आले याची जमाखर्चाची नोंद सतत होत राहते.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला तर शंटवाचून गत्यंतर नाही, कारण ती जवळजवळ रिकामी होईपर्यंत तिचा दाब फारसा हलत नाही. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९९७ साली या पदार्थाविषयीचे काम प्रसिद्ध केले. २०१९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लिथियम बॅटऱ्यांसाठी त्यांचाही वाटा होता. शंभर अँपिअर-तासांची अशी एक बॅटरी १,२८० वॅट-तास साठवते, त्यातले जवळपास सगळे वापरता येतात, आणि वजन तेवढ्याच शिशाच्या निम्म्याहूनही कमी. तिचे दुखणे थंडी आहे. शून्य अंश सेल्सिअसखाली ती वीज देऊ शकते, पण घेऊ शकत नाही. जबरदस्तीने भरली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. म्हणून चांगल्या बॅटरीत थंडीत चार्जिंग तोडणारे सर्किट असते. ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे पुढच्या उघड्या सांगाड्यावर, बॅटरी ठेवण्याची जी जुनी जागा आहे ती कोलोरॅडोसारख्या राज्यात लिथियमला सोयीची नाही. ती आत, पलंगाखाली न्यावी.

आणि एवढी चांगली बॅटरीही वातानुकूलकापुढे दुबळी ठरते. दीड हजार वॅट ओढणारा वातानुकूलक १,२८० वॅट-तास तासाभराच्या आत संपवतो. “सोलरवर एसी चालतो का?” हा प्रश्न मला भारतातून फोनवर नेहमी विचारला जातो. चालतो, त्यासाठी बॅटऱ्यांची रांग, छतभर पॅनेल आणि बोटाएवढ्या जाडीच्या केबल लागतात. १२ व्होल्टवर २,००० वॅटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला तर १७० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि तेवढ्या प्रवाहात सैल राहिलेला एक नट आग लावायला पुरेसा असतो. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा तो याचसाठी.

पॅनेलविषयी जाहिराती जितके बोलतात तितके बोलण्यासारखे काही नाही. छतावर आडवे बसवलेले २०० वॅटचे पॅनेल उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ५० अँपिअर-तासांच्या आसपास देते. देवदारांच्या सावलीत त्यातले फार थोडे उरते, आणि अमेरिकी उद्यानांतल्या उत्तम जागा नेमक्या सावलीत असतात.

जनरेटर उरतो. आमच्याकडचा १,८०० वॅटचा छोटा जनरेटर आवाज कमी करतो, पण समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे पेट्रोलच्या इंजिनाची शक्ती साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. कॅनियनच्या उंचीवर तो जेमतेम १,३०० वॅटचा उरतो. वातानुकूलक सुरू करण्यास हे अपुरे, पण त्या उंचीवर वातानुकूलक हवा असतो कोणाला? बॅटरी भरण्यास मात्र पुरेसे. योसेमिटीत जनरेटरला सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ अशा वेळा नेमून दिलेल्या आहेत, आणि मला त्या योग्य वाटतात. शिसे-आम्ल बॅटरी अखेरचा पाचवा हिस्सा फार सावकाश घेते, म्हणून ती अशा दोन तासांत पूर्ण भरत नाही. लिथियम त्या वेळात मिळेल तेवढे गटागटा पिते. असे जनरेटर न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसलेल्या अवस्थेत येतात, त्यामुळे संरक्षक उपकरण त्यांना दोषी ठरवून वीज घेण्यास नकार देते. नानांना त्या उपकरणाचा हा हट्टीपणा फार आवडला.

आमचा एकच मतभेद राहिला, तो फ्रिजचा. आमच्या ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आहे. स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधलेली ही रचना : अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन, खाली एक लहानशी ज्योत, आणि फिरणारा भाग एकही नाही. ज्योतीने थंडावा कसा निर्माण होतो, हे नानांनी मला पुन्हापुन्हा विचारले. त्याला १२ व्होल्टची वीज लागते ती केवळ नियंत्रणापुरती. गेल्या काही वर्षांत मात्र कारखान्यांनी १२ व्होल्टच्या कॉम्प्रेसरचे फ्रिज बसवायला सुरुवात केली आहे. ते आत जास्त जागा देतात, तासा-दोन तासांत थंड होतात, ट्रेलर तिरका उभा राहिला तरी तक्रार करत नाहीत, आणि दिवसाला ५० अँपिअर-तासांच्या घरात वीज खातात. जो भार आजवर गॅसच्या टाकीवर होता तो गुपचूप बॅटरीवर आला, आणि विक्रीच्या कागदावर बॅटरी मात्र पुष्कळदा तीच जुनी राहिली.

पुढचा ट्रेलर घेताना मी ५० अँपिअरचा घेणार नाही, कारण आम्हाला वातानुकूलक एकच पुरतो आणि आम्ही जिथे राहतो तिथे बहुधा खांबच नसतो. ते पैसे बॅटरीत घालावेत, यावर आमचे एकमत आहे. फ्रिज मी कॉम्प्रेसरचा घेईन आणि त्याच्यासाठी ४०० वॅटची पॅनेल व २०० अँपिअर-तासांचे लिथियम. नानांनी यावर वहीत उलट हिशेब मांडला. ट्रेलरवरच्या २० पौंडांच्या म्हणजे ९ किलोंच्या गॅसच्या टाकीत सुमारे १२६ किलोवॅट-तासांची ऊर्जा असते, म्हणजे शंभर अँपिअर-तासांच्या जवळपास शंभर लिथियम बॅटऱ्यांइतकी, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात थोडक्या पैशांत भरून मिळते. ती सोडून छतावर काचा कशाला चढवता, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना कडक उन्हात गॅसचा फ्रिज दूध नासवतो हे सांगितले. तेव्हा ते म्हणाले की कडक उन्हात तुमच्या खांबावर १०३ व्होल्ट असतात.